तिसऱ्या भागाचा पंचनामा

माझे वडील हवालदार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हवालदार निवृत्त होतो म्हणजे फक्त गणवेश उतरवतो, बाकी सगळं अंगावरच राहतं. दोह्याला आमच्या घरी आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी चपलांच्या रॅकशेजारी आपली बॅग ठेवली, तिला कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि जाहीर केलं, "महिन्याचा व्हिसा आहे. महिन्याने जाणार. सामान लावायचं नाही."

"अहो बाबा, कपाट रिकामं केलंय तुमच्यासाठी."

"नको. मी काही इथे बदलीवर आलेलो नाही."

झालं! रोज सकाळी कुलूप उघडायचं, एक जोडी कपडे काढायचे, पुन्हा कुलूप. पासपोर्टही त्याच बॅगेत, अगदी तळाशी. माझा नवरा ऑफिसला निघताना बूट घालायला वाकला की बॅगेला अडखळायचा आणि इथल्या अरबीत "यल्ला", म्हणजे चला, म्हणून पुढे जायचा. सासऱ्यांना काही बोलायची त्याची छाती नव्हती. तो बिचारा बांधकाम कंपनीत कामाला, क्रेनला भीत नाही, पण हवालदाराला भितो.

बाबांनी परत जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि नुसतं वाटत नव्हतं, जीव तुटत होता. आई हिवाळ्यात गेली. त्यानंतर रोह्याच्या घरात बाबा एकटे. शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं की तुझे वडील चार दिवस चहा-बिस्किटांवर आहेत, आणि विचारलं तर म्हणतात उपास चालू आहे. कसला उपास? कुणाचा? बाबांनी जन्मात एकादशी केली नव्हती. मी आईला शब्द दिला होता की त्यांना एकटं ठेवणार नाही. तो कधी दिला ते पुढे येईलच, कारण त्याच शब्दाने मला तोंडावर पाडलं.

व्हिसा वाढवता येत होता. मी सरळ विचारून पाहिलं. "मी काय इथे पडीक राहायला आलोय?" असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. विषय खलास.

बाबांनी आयुष्यात कुणाकडे तोंडाने काही मागितलं नाही. चहा हवा असला तर म्हणायचे, "आज हवा दमट आहे." आई म्हणायची, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझ्या बापाची रीत! कागदावर मात्र माणूस मोकळा. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी बाबांनी आईला फुलस्केप कागदावर रीतसर अर्ज लिहिला होता, विषय, जेवण पूर्ववत मिळणेबाबत. आईने त्यावर लाल पेनाने तिरकं "मंजूर" लिहून तो माझ्याच हाती परत पाठवला. मी तेव्हा चौथीत होते. सरकार असंच चालतं, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती.

आता पुस्तकाकडे येते.

दोह्याजवळच्या मुऐदरला एक इंग्रज बाई घर आवरून कायमची मायदेशी निघाली होती. तिचं एक शिसवी कपाट मी घेतलं. कपाटाचा एक पाय तोकडा होता आणि त्याखाली दोन जाडजूड हिरवी पुस्तकं टेकूला होती. कपाटाबरोबर पायही न्या, म्हणाली बाई. तर ती पुस्तकं म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातली एक रहस्यकादंबरी, भाग पहिला आणि भाग दुसरा. लेखिकेचं नावच नाही! नुसतं "अमक्या पुस्तकाच्या लेखिकेची नवी कृती" एवढंच छापलेलं. तेव्हा तशी पद्धत होती म्हणे. भल्या घरच्या बाईने खून-मारामाऱ्या लिहाव्यात आणि वर नावही छापावं म्हणजे काय! मी नवऱ्याला सांगून पायाखाली लाकडाचा ठोकळा घातला आणि पुस्तकं वाचायला घेतली.

मला या जुन्या कादंबऱ्यांचं वेड आईमुळे. आमच्या गावच्या वाचनालयातून ती पातळ पातळ रहस्यकथा आणायची आणि तांदळाच्या डब्यात लपवायची. खरा पोलीस घरात असताना खोटा पोलीस वाचते म्हणून बाबा चिडायचे. त्या पुस्तकांची शेवटची पानं कुणी तरी चावट मेला हमखास फाडून ठेवायचा. मग आई शेवट स्वतःच रचून मला सांगायची, आणि तो बहुधा मूळ शेवटापेक्षा बरा असायचा. पुढे मी कॉलेजात इंग्रजी घेतलं तेव्हा कळलं की विलायतेतही हीच रड होती. बायका खुनाच्या कादंबऱ्या वाचून बिघडतील, त्यांच्या नसा कमजोर होतील, असं तिथले मोठमोठे टीकाकार ओरडत होते. बायका ऐकत होत्या थोड्याच! रेल्वे स्टेशनवर पिवळ्या पुठ्ठ्याची स्वस्त पुस्तकं मिळायची ती, गाडी सुटायच्या आत, पदराखाली. म्हणजे त्यांना पदर असता तर.

दोह्यात उन्हाळ्याच्या दुपारी करायचं काय? बाहेर पाऊल टाकलं की भाजून निघतो माणूस. अल मुंतझामधलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, समोर दुकानं, पण दुपारी रस्त्यावर मांजरसुद्धा नसतं. बाबा एसीच्या खाली बसून भिंतीकडे बघायचे. ते बघणं मला सहन होईना. एके दिवशी मी पहिला भाग उघडला आणि त्यांना न विचारता मोठ्याने मराठीत सांगायला सुरुवात केली.

इंग्लंडातली एक हवेली. म्हातारे थोरले साहेब, विधुर, तापट, मृत्युपत्र रोज बदलणारे. त्यांचा एक उधळ्या पुतण्या, एक डॉक्टर, एक फार गोड बोलणारा बटलर, एक स्वयंपाकीणबाई आणि नवीनच आलेली एक गव्हर्नेस, म्हणजे मुलांना शिकवणारी बाई, जी आपलं माहेर कुठलं ते कुणालाच सांगत नाही. एके रात्री थोरले साहेब दूध पितात आणि सकाळी बिछान्यात मेलेले सापडतात. मृत्युपत्र गायब.

बाबा भिंतीकडेच बघत होते. मी पान उलटलं.

"ग्लास?" बाबा म्हणाले.

"कुठला ग्लास?"

"दुधाचा. जप्त केला का?"

मी दोन ओळी पुढे वाचलं. "नाही हो बाबा. मोलकरणीने धुऊन टाकला."

"धुतला?" बाबा उठून उभेच राहिले. "मुद्देमाल धुतला? आणि घरातले एवढे शहाणे काय करत होते?"

"रडत होते."

"रडत होते! कप्पाळ! पंचनामा कुठाय?"

त्या क्षणी मला कळलं की मासा गळाला लागला. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, पुढचं उद्या. हेही मी त्या लेखकांकडूनच शिकले. त्यांच्या कादंबऱ्या मासिकांतून तुकड्या-तुकड्याने छापून यायच्या, आणि तुकडा संपायचा तो नेमका दाराची कडी वाजताना. वाचक महिनाभर नखं खात बसायचे. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजताच सोफ्यावर हजर होते, भांग पाडून.

दोन-तीन दिवसांत आमची मैफल वाढली. समोरच्या फ्लॅटमधल्या भाभी यायला लागल्या. त्या रत्नागिरीकडच्या, नवरा इथे दुकानात पुष्कळ वर्षं नोकरीला. भाभी येताना थर्मासभर करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा आणायच्या आणि पहिल्या ओळीपासून गुन्हेगार ठरवून मोकळ्या व्हायच्या. "या बयेनंच मारलान. बघ गो, माहेर सांगत नाय ती बाय कधी चांगली नसते."

"पुरावा?" बाबा विचारायचे.

"काका, तोंडावरून कळतं ना!"

"तोंडावरून कळत असतं तर सरकारने आम्हाला पगार कशाला दिला असता?"

माझ्या लेकीच्या शाळेला सुट्टी होती. ती अकरा वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. तीही कानातली गाण्याची बोंडं काढून बसायला लागली.

मग हवेलीत लंडनहून इन्स्पेक्टर आला आणि खरा गोंधळ उडाला. त्या काळी गुप्त पोलीस ही चीजच नवी होती. साध्या कपड्यातला एक सामान्य घरचा माणूस येतो काय, उमरावांच्या खोल्या उघडतो काय, बायकांच्या पेट्या तपासतो काय! बड्या लोकांना ते फार लागायचं. कादंबरीत त्या इन्स्पेक्टरला मागच्या दाराने आत घेतात आणि नोकरांबरोबर स्वयंपाकघरात बसवून चहा देतात. मी हे सांगितलं मात्र, बाबांनी हातातला कप खाली ठेवला.

"मागच्या दाराने?"

"हो."

"तपासी अंमलदाराला?"

"बाबा, पुस्तक आहे हो ते."

"मला माहितेय ना पुस्तक आहे." मग ते एकदम म्हणाले, "मलाही बसवलं होतं एकदा. इनामदारांकडे चोरी झाली तेव्हा. मागच्या पडवीत. बशीतून चहा दिला, कप नाही दिला. तुझ्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चोर त्यांच्याच घरात सापडणार बघा. आणि सापडला. धाकटा जावई."

हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. बाबांनी आईचं नाव काढलं, तेही ती गेल्यापासून पहिल्यांदाच. मी पान उलटलं.

त्या दिवसापासून केस बाबांनी हातात घेतली. त्यांनी माझ्याकडून एक लाँगबुक, पट्टी आणि लाल-निळं पेन मागून घेतलं, म्हणजे मागितलं नाही, "घरात लाँगबुक नसेलच" असं म्हणाले. पहिल्या पानावर सुबक अक्षरात "केस डायरी". मग सगळ्यांचे जबाब. मी वाचायची आणि मध्येच मला थांबवून ते बटलरला उलटतपासणीला घ्यायचे. बटलरची उत्तरं मीच द्यायची. "दूध किती वाजता तापवलं? कुणाच्या सांगण्यावरून? साय काढली होती की नव्हती?" आता साय काढली होती की नव्हती हे त्या लेखिकेने लिहिलंच नव्हतं! माहीत नाही म्हटलं तर बाबा डायरीत लिहायचे, "साक्षीदार उडवाउडवीची उत्तरे देतो."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी घटनास्थळाचा पंचनामा काढला. घटनास्थळ म्हणजे आमचा हॉल. लेक सोफ्यावर थोरले साहेब म्हणून मरून पडली. बाबांनी तिच्याभोवती तिच्याच खडूने रेघ काढली, माझ्या नव्या सोफ्यावर! स्वयंपाकघर ते सोफा अंतर माझ्या शिवणाच्या टेपने मोजलं. नवऱ्याला सुट्टी, तो बनियनवर पेपर वाचत होता, त्याला बटलर केलं आणि दुधाचा ग्लास घेऊन सात वेळा ये-जा करायला लावलं.

"सावकाश. तू नोकर आहेस. नोकर धावत नाही."

"बाबा, मी दूध पिऊन टाकू का?" नवरा सहाव्या फेरीला म्हणाला.

"मुद्देमाल आहे तो!"

"आजोबा, माय नोज इज इचिंग," सोफ्यावरून प्रेत म्हणालं.

पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित पंच लागतात. एक भाभी होत्याच. दुसरा कोण? बाबा लुंगीवर खाली जाऊन बिल्डिंगच्या नातूरला घेऊन आले. नातूर म्हणजे इथला वॉचमन, म्हातारा, बंगाली, देवमाणूस. त्याला वाटलं वरती गळती झाली, म्हणून पाना घेऊन आला. बाबांनी त्याला आपल्या पोलिसी हिंदीत सगळं समजावलं, मयत कोण, दूध कुठलं, हवेली कुठली. तो सोफ्यावरच्या खडूकडे बघून घाबरला, पोरगी उठून बसली तेव्हा जास्तच घाबरला, आणि शेवटी भाभींचा चहा पिऊन त्याने बंगालीत सही केली. म्हणजे इंग्लंडातल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या खुनाचा पंचनामा दोह्यात, मराठीत, आणि पंचाची सही बंगालीत. मी हसून हसून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

सोफ्यावरचा खडू अजून पूर्ण गेलेला नाही.

असं सगळं रंगात आलेलं. व्हिसाचे दहा दिवस उरले होते. माझा बेत असा, की ऐन रंगात आणून ठेवायचं आणि म्हणायचं, बाबा, केस अर्धवट टाकून जाणार का? आणि त्या दिवशी दुपारी दुसऱ्या भागाचं शेवटचं पान आलं. गव्हर्नेसच्या पेटीत एक जुना लॉकेटमधला फोटो सापडतो, इन्स्पेक्टर म्हणतो, "आता मला सगळं कळलं." खाली छापलेलं, दुसरा भाग समाप्त.

म्हणजे तिसरा भाग होता! असणारच होता! त्या काळी कादंबरी तीन भागांतच काढायचे. पैसे भरून पुस्तकं घरी नेण्याची वाचनालयं असायची, ती एका वेळी एकच भाग द्यायची, म्हणजे एकाच कादंबरीवर तीन घरं झुलत ठेवता यायची. लेखकही मग गोष्ट ताणून ताणून तीन भाग भरायचे. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर गुण मिळवले होते. पळसाला पानं तीन, आणि माझ्या हातात दोन! कपाटाला तिसरा भाग लागलाच नसणार, पाय तेवढाच तोकडा होता.

मी फोनवर शोधलं. विलायतेतल्या कुठल्याशा ग्रंथालयात तिन्ही भाग होते, पण तिथेच बसून वाचायचे. घरी देणार नाहीत, पानांचे फोटोही काढून ठेवलेले नाहीत. इंग्रज बाईला मेसेज केला. ती म्हणाली, तिच्याकडेही दोनच होते, टेकू म्हणूनच आले होते.

"सांगून टाक ना त्यांना," नवरा म्हणाला.

"आणि मग? मग पुन्हा भिंतीकडे बघत बसतील, नाही तर बॅग उचलतील."

"मग काय करणार?"

काय करणार! आईने जे केलं असतं तेच. दुसऱ्या दिवशी मी तोच दुसरा भाग हातात धरला आणि नाकावर टिच्चून थापा मारायला बसले. आणि अहो, काय थापा मारल्या मी! पुतण्याचा जुळा भाऊ आणला. डॉक्टर खरा डॉक्टर नव्हताच. हवेलीच्या तळघरात दुसरी हवेली निघाली. भाभी रोज नवीन माणसाला फाशी देत होत्या, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं, आणि बाबा मान खाली घालून डायरीत लिहीत होते. मी बिनधास्त. रेटत होते आपली दिवसामागून दिवस. पण ते काही व्हिसाचं नाव काढेनात, बॅगेचं कुलूप तसंच.

व्हिसाचे तीन दिवस उरले त्या दुपारी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सांगायला तर काही हवं. मी स्वयंपाकीणबाईला मारून टाकलं. मग सुचलं की ती बाई म्हणजेच त्या गव्हर्नेसची खरी आई, आणि बटलर हा बाप! भाभींनी "या अल्ला" म्हणून छातीवर हात ठेवला. मला चेव आला. मी सांगत सुटले.

"मग दहाव्या दिवशी सगळे नदीवर जमले. पिंड ठेवला. पण कावळा शिवेना! अर्धा तास झाला, तास झाला, कावळे झाडावर बसलेत आणि खाली एकही येत नाही. पाद्री घड्याळ बघतोय. बटलर हात जोडून उभा. पुतण्या म्हणाला, बाई, तुमच्या मांजराचं मी बघेन. नाही शिवला. डॉक्टर म्हणाला, मी तंबाखू सोडतो. तरी नाही. शेवटी ती मुलगी पुढे झाली आणि ओठातल्या ओठात म्हणाली, आई, बाबांना मी एकटं ठेवणार नाही. आणि लगेच..."

मी थांबले.

भाभींनी थर्मासचं झाकण लावलं.

"काय गो," भाभी हळूच म्हणाल्या, "इंग्रजांत पण कावळा असतो?"

"आई, दे डोन्ट डू दॅट इन इंग्लंड," लेक म्हणाली.

माझे कान तापले. तो रोह्याचाच घाट होता, आईच्या दहाव्याचा. तंबाखू सोडणारा माझा मामा होता, आणि त्याने ती अजून सोडलेली नाही. घड्याळ बघणारे भटजी होते. आणि ओठातल्या ओठात पुटपुटणारी मी होते. तो शब्द मी दिला आणि कावळा खाली उतरला. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आणि आता तो विलायतेच्या नदीवर, एका स्वयंपाकिणीच्या पिंडापुढे, पंचांसमक्ष बोलून बसले होते.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. लाँगबुक मिटलं. "आज एवढंच पुरे," म्हणाले आणि खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. मला स्वतःचा इतका राग आला की मी भांडी आपटून घासली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार? घरातल्या माणसाला हसवायला बसले होते आणि त्याचीच जखम उघडी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवायला गेले तर ओट्यावर लाँगबुक उघडं पडलेलं. त्यात एक फुलस्केप कागद, वर बाबांचं सुबक अक्षर. मी तिथेच उभ्याने वाचला.

"मा. महोदया यांच्या सेवेशी. विषय, तपासास मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदया, विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, हवेलीतील दूध प्रकरणाचा तपास अद्याप अपूर्ण आहे. पुस्तकाचा दुसरा भाग मागील आठवड्यातच संपला असून साक्षीदार, म्हणजे अर्जदाराची मुलगी, तेव्हापासून तेच पुस्तक हातात धरून मनचे सांगत आहे, ही बाब पहिल्याच दिवशी निदर्शनास आली होती. पुस्तक एक दिवस उलटे धरलेले होते. साक्षीदार खोटे बोलते, परंतु तिच्या आईसारखे बोलते. सबब कारवाई केली नाही.

कावळ्याबाबत. सदर कावळा इंग्लंडचा नसून रोह्याचा आहे. साक्षीदाराने नदीवर जो शब्द दिला तो अर्जदाराने त्याच वेळी ऐकला होता. अर्जदार तिच्या मागेच उभा होता. मुलीवर भार नको म्हणून आजवर गप्प राहिला.

अर्जदारास घरी एकट्याने जमत नाही. चहासुद्धा कुणाला सांगावा, हे कळत नाही.

सबब तपासी अंमलदाराचा दोहा येथील मुक्काम वाढवून मिळावा, ही नम्र विनंती.

सोबत, पासपोर्ट एक. किल्ली एक."

पासपोर्ट लाँगबुकाखाली होता. किल्ली त्याच्यावर.

मला रडू आवरेना. चहा उतू गेला तो गेलाच. मग मी डोळे पुसले, लाल पेन शोधलं, आणि अर्जाच्या कोपऱ्यात तिरकं लिहिलं, "मंजूर." आईसारखंच तिरकं. खाली सही केली.

बाबा हॉलमध्ये सोफ्यावर, त्या खडूच्या रेघेत बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, बराच वेळ वाचला. एका शब्दाला किती वेळ लागतो? मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"दिनांक नाही घातलास. असा हुकूम चालत नाही."

मी दिनांक घातला.

"आणि आज हवा दमट आहे," बाबा म्हणाले.